घरच्या भिंतीवरून स्थानकाच्या भिंतीवर : मिथिलेची चित्रकला आणि प्रौढ स्त्रियांचा आत्मविश्वास

हिमालयाच्या पायथ्याची तराई आणि गंगेचे पात्र यांच्या दरम्यान नद्यांच्या गाळाने घडलेला मिथिला हा प्रदेश आज बिहार आणि नेपाळ यांच्यात विभागलेला असला, तरी मैथिली भाषा, विवाहविधी आणि घरांच्या भिंती रंगवण्याची प्रथा यांनी त्याची एकात्मता टिकवून ठेवली आहे. भिंतींवरची ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनीच काढली, स्त्रियांनीच एकमेकींना शिकवली आणि विधी आटोपल्यावर पावसाला व सारवणाला स्वाधीन केली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळाच्या निमित्ताने ती कागदावर उतरली, आणि हे स्थित्यंतर ज्यांच्या हातून घडले त्या स्त्रियांपैकी कित्येकींनी तेव्हा चाळिशी, पन्नाशी, काहींनी तर साठीही गाठलेली होती. मधुबनी चित्रकलेचा इतिहास बहुधा शैली, रंग आणि बाजारपेठ यांच्या अंगाने सांगितला जातो. येथे तो वयाच्या अंगाने पाहायचा आहे. सार्वजनिक कलाप्रकल्पात भाग घेतल्याने मध्यमवयीन माणसाला आत्मविश्वास मिळतो असे आज अनेक ठिकाणी म्हटले जाते, परंतु तो आत्मविश्वास कशातून घडतो आणि कोणत्या परिस्थितीत टिकतो, हे मिथिलेच्या इतिहासातून विशेष स्पष्टपणे दिसते.

मैथिल घरातील चित्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला अरिपन, म्हणजे तांदूळ भिजवून वाटलेल्या पातळ पिठाने, बोटे बुडवून जमिनीवर काढलेली आकृती. मराठी वाचकाला रांगोळीची आठवण करून देणारा हा प्रकार व्रतवैकल्ये आणि संस्कार यांच्याशी जोडलेला आहे. दुसरा प्रकार भित्तिचित्रांचा असून त्याचे केंद्र कोहबर घरात, म्हणजे नवपरिणीत वधूवरांच्या पहिल्या रात्रींसाठी राखलेल्या खोलीत असते. कोहबराच्या मुख्य चित्रात मधोमध एक उभा दांडा आणि त्याभोवती कमळाची वर्तुळाकार पाने अशी रचना असते, शेजारी बांबूचे बेट असते, आणि या दोहोंच्या आसपास मासे, कासव, पोपट, साप, सूर्य आणि चंद्र यांची दाटी असते. कमळ आणि बांबू ही वंशवृद्धीची चिन्हे मानली जातात, मासा सुफलतेचे आणि पोपटाची जोडी प्रेमाचे चिन्ह मानली जाते, तर खोलीच्या चारही कोपऱ्यांत नैना-जोगीन ही एका डोळ्याने पाहणारी, नव्या जोडप्याची दृष्ट काढणारी स्त्री रेखाटली जाते. चित्रात मोकळी जागा सहसा सोडली जात नाही. दोन आकृत्यांमधले रिकामेपण फुले, पाने आणि ठिपके यांनी भरून काढले जाते.

हे चित्र काढण्याची रीत घरातील वयाच्या उतरंडीशी घट्ट बांधलेली होती. मुख्य रेषा घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या जाणत्या, मुरलेल्या हाताच्या बाईने ओढायच्या आणि मुलींनी व तरुण सुनांनी त्यांत रंग भरायचे, अशी वाटणी सर्वसाधारणपणे असे. रेषा चुकली तर पुसून नव्याने काढण्याची सोय मातीच्या भिंतीवर फारशी नसते, म्हणून पहिली रेषा ओढण्याचा मान मिळायला वर्षे जावी लागत. काजळी, हळद, कुसुंबाची फुले, नीळ, बेलाची पाने, तांदळाचे पीठ अशा घरगुती आणि परिसरातल्या वस्तूंपासून रंग तयार होत. त्यांना चिकटपणा यावा म्हणून बाभळीचा डिंक किंवा दूध मिसळले जाई, आणि ब्रश म्हणून बांबूच्या काडीला चिंधी किंवा कापूस गुंडाळला जाई. कोणता रंग किती घट्ट घ्यावा, ओल्या सारवणावर तो किती पसरेल, काडी किती बुडवली म्हणजे रेषा मध्येच तुटणार नाही, हे सारे सरावाने येणारे ज्ञान होते. त्यामुळे पन्नाशीच्या मैथिल स्त्रीजवळ चित्रकलेचा किमान तीन-साडेतीन दशकांचा अनुभव आणि आपल्या अंगणापुरता का होईना, पण निर्विवाद अधिकार जमा झालेला असे. या अधिकाराला बाहेरच्या जगात मात्र नाव नव्हते आणि मोलही नव्हते.

बाहेरच्या जगाला या चित्रांचे प्रथम दर्शन एका आपत्तीमुळे घडले. १५ जानेवारी १९३४ रोजी नेपाळ आणि उत्तर बिहार यांना हादरवून टाकणारा भूकंप झाला, आणि त्यानंतर पडझडीची पाहणी करत फिरणारे मधुबनी उपविभागाचे ब्रिटिश प्रशासक विल्यम आर्चर यांना कोसळलेल्या घरांच्या आतल्या भिंती उघड्यावर आलेल्या दिसल्या. परपुरुषाच्या नजरेस एरवी कधीही न पडणाऱ्या त्या खोल्यांतील चित्रांनी आर्चर इतके भारावून गेले की, पुढे त्यांनी या चित्रांची छायाचित्रे घेतली आणि १९४९ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात मैथिल चित्रांवर लेख लिहिला. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या या नियतकालिकामुळे मिथिलेची भिंत मुंबईच्या कलावर्तुळाच्या परिचयाची झाली. परंतु त्या लेखातही चित्रे होती आणि चित्रे काढणाऱ्या स्त्रिया मात्र अनामच होत्या. अभ्यासकाची नजर चित्रावर पडली म्हणून चित्रकर्तीचे आयुष्य बदलत नाही, याचे हे पहिले उदाहरण होय.

१९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये तीव्र दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली, पण माती उचलणे आणि रस्ते बांधणे अशा या कामांवर जाणे पडद्यात राहणाऱ्या ब्राह्मण व कायस्थ घरांतील स्त्रियांना रूढीमुळे शक्य नव्हते, आणि घरात धान्य नसले तरी ती रूढी मोडण्याचे धाडस फार थोड्या कुटुंबांत होते. अखिल भारतीय हस्तकला मंडळाशी संबंधित असलेल्या पुपुल जयकर यांनी अशा वेळी एक वेगळी योजना पुढे आणली. या स्त्रियांना कागद पुरवायचा, भिंतीवरची चित्रे त्यावर काढून घ्यायची आणि ती विकून आलेला मोबदला त्यांच्याच हाती द्यायचा, अशी ती योजना होती. या कामासाठी त्यांनी मुंबईच्या भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मिथिलेला पाठवले. कुलकर्णींनी मधुबनी गावाजवळील जितवारपूर आणि रांटी या गावांमध्ये मुक्काम करून घरोघर कागद वाटले. आजच्या भाषेत ज्याला सार्वजनिक कलाप्रकल्प म्हणतात त्याची बहुतेक सर्व लक्षणे या उपक्रमात होती : सरकारी पाठबळ होते, सामाजिक हेतू होता, बाहेरून आलेला एक मध्यस्थ कलावंत होता, आणि आपण कलावंत आहोत असे स्वतःला कधीही न म्हणवणारा एक समूह होता.

या समूहातील प्रमुख स्त्रियांची जन्मवर्षे पाहिली म्हणजे प्रकल्पाचे वेगळेपण ध्यानात येते. जगदंबा देवी १९०१ मध्ये जन्मलेल्या होत्या, म्हणजे कागद हाती आला तेव्हा त्या पासष्टीच्या घरात होत्या. सीता देवींचा जन्म १९१४चा, त्या तेव्हा बावन्न वर्षांच्या आसपास होत्या. महासुंदरी देवी १९२२च्या, म्हणजे चव्वेचाळिशीत. आणि गंगा देवी १९२८च्या, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर. बौआ देवींसारख्या तरुण स्त्रियाही त्यांच्यात होत्या, पण प्रकल्पाचा कणा प्रौढ स्त्रियांचा होता. त्यांच्यापैकी जगदंबा देवींना १९७५ मध्ये, सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये आणि महासुंदरी देवींना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. सामान्यतः कलावंताची उमेदवारी विशीत, नाव तिशीत आणि मानसन्मान उत्तरवयात असा क्रम मानला जातो. मिथिलेच्या या पिढीची उमेदवारी बालपणापासून घरातच चाललेली होती आणि तिला व्यवसायाचे रूप मात्र आयुष्याचा अर्धा भाग सरल्यावर मिळाले.

प्रौढ स्त्रियाच पुढे का आल्या, याची कारणे मैथिल कुटुंबव्यवस्थेत शोधावी लागतात. नव्या सुनेवर पडद्याचे बंधन सर्वांत कडक असे, तर सासूच्या भूमिकेत गेलेल्या स्त्रीला दाराशी आलेल्या पाहुण्याशी बोलण्याची, व्यवहार करण्याची आणि प्रसंगी गावाबाहेर जाण्याची मुभा तुलनेने अधिक मिळे. लहान मुलांचे संगोपन मागे पडलेले असल्याने सलग काही तास बसून काम करणेही तिला शक्य होई. शिवाय रोजगारासाठी पुरुषांनी दूरच्या शहरांत जाण्याची रीत या प्रदेशात जुनी आहे, त्यामुळे घराचा गाडा हाकण्याचा अनुभव अनेकींच्या गाठीशी होता. मुख्य रेषा ओढण्याचा अधिकार तर त्यांचाच होता. कुलकर्णींचा कागद ज्या हातांत गेला ते हात नवशिके नव्हते, आणि म्हणूनच अवघ्या काही वर्षांत दिल्ली-मुंबईच्या प्रदर्शनांत मांडता येईल अशा प्रतीची चित्रे त्यांतून निर्माण झाली. आत्मविश्वासाचा पहिला घटक, म्हणजे कौशल्य, प्रकल्प येण्यापूर्वीच तेथे होता. प्रकल्पाने त्याला प्रेक्षक मिळवून दिला.

भिंतीवरून कागदावर जाणे वाटते तितके सोपे मात्र नव्हते. भिंतीसमोर उभे राहून किंवा उकिडवे बसून काढायचे चित्र आता जमिनीवर पसरलेल्या कागदावर वाकून काढावे लागले. खोलीच्या कोपऱ्यांनी, दारांनी आणि कोनाड्यांनी पूर्वी जी चौकट आपोआप दिली होती ती आता काठ रेखून स्वतः घडवावी लागली. कोहबराची पूर्ण मांडणी लहान कागदावर मावत नव्हती, म्हणून त्यातील एखादा मासा, एखादी देवता किंवा एखादा प्रसंग सुटा काढून त्याचेच स्वतंत्र चित्र करण्याचा निर्णय घ्यावा लागला. विधीच्या चित्रात काय असावे हे परंपरेने ठरवलेले असते. विक्रीच्या चित्रात काय असावे हे चित्रकर्तीला ठरवावे लागते, आणि असे ठरवण्याचा सराव हाच तिच्या स्वातंत्र्याचा पाया झाला. याच काळात शैलींची नावेही रूढ झाली : गडद बाह्यरेषेच्या आत सपाट, उजळ रंग भरण्याची, विशेषतः ब्राह्मण स्त्रियांशी जोडलेली पद्धत ‘भरनी’ या नावाने, आणि बारीक समांतर रेषांनी आकृती विणत नेणारी, कायस्थ स्त्रियांशी जोडलेली पद्धत ‘कचनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सीता देवी या महापात्र ब्राह्मण समाजातील होत्या आणि भरनीतील त्यांचे कृष्ण, काली व अर्धनारीश्वर त्यांच्या भरघोस रंगांमुळे दुरूनही ओळखू येतात. गंगा देवींच्या कचनीत रंग जवळजवळ मागे सरतो आणि रेषाच सगळा भार पेलते.

गंगा देवींचे काम थोडे जवळून पाहण्याजोगे आहे, कारण मध्यमवयात मिळालेल्या आत्मविश्वासाने कलेच्या आशयात काय फरक पडतो हे त्यात सर्वाधिक ठळकपणे दिसते. त्यांना मूलबाळ नव्हते, पतीने दुसरे लग्न केले, आणि उपजीविकेसाठी त्यांना स्वतःच्या हातावर विसंबावे लागले. वंशवृद्धीच्या चिन्हांनी भरलेले कोहबर रेखाटण्यात निष्णात असलेल्या स्त्रीच्या वाट्याला हे आयुष्य आले. आरंभी त्यांनी रामायणासारखे परिचित विषय हाताळले, पुढे मैथिल स्त्रीपुरुषाच्या जन्मापासूनचे संस्कार आणि टप्पे दाखवणारी ‘मानव जीवन’ ही मालिका काढली, आणि १९८५ मध्ये भारत महोत्सवाच्या निमित्ताने अमेरिकेत गेल्यावर तेथे पाहिलेली जत्रा, झेंडे, वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ आणि रोलर कोस्टर हे सगळे त्याच बारीक रेषेत बसवले. रोलर कोस्टरच्या चित्रात अपरिचित यंत्राला त्यांनी आपल्या परिचित लयीत ओढून घेतले आहे : रूळ वळणे घेत पानभर फिरतात आणि त्यांवर बसलेली माणसे कोहबरातील आकृत्यांसारखीच एका बाजूने दिसतात. नव्या जगासमोर बुजून न जाता त्याला आपल्या रेषेचे नियम लावण्याची ही हिंमत, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, प्रथमच परदेशी वातावरणात वावरणाऱ्या एका ग्रामीण स्त्रीने दाखवली, ही गोष्ट भारतीय कलेच्या इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे.

यापुढचे पाऊल अधिक अवघड होते. कर्करोग झाल्यावर गंगा देवींनी आपल्या आजारपणाची चित्रमालिका काढली, आणि तीत गावाहून रुग्णालयापर्यंतचा प्रवास, खाट, डॉक्टर, शिरेतून दिले जाणारे औषध अशा गोष्टी आल्या, ज्यांना मैथिल चित्रपरंपरेत कोणताही पूर्वसंकेत नव्हता. मंगल प्रसंगासाठीच हाती घेतली जाणारी रेषा त्यांनी स्वतःच्या वेदनेच्या नोंदीसाठी वापरली. याच शेवटच्या वर्षांत, उपचार चालू असताना, त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात एका खोलीच्या भिंतींवर संपूर्ण कोहबर घर चितारले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि संग्रहालयाचे दीर्घकाळ संचालक असलेले ज्योतींद्र जैन यांनी त्यांच्या कलेवर लिहिलेल्या ग्रंथाने एका लोककलावंत स्त्रीचा स्वतंत्र व्यक्ती म्हणून अभ्यास करण्याचा पायंडा दृढ केला. ते कोहबर घर पुढे नूतनीकरणाच्या कामात नष्ट झाल्याचे २०१५ मध्ये उघडकीस आले. कलावंत म्हणून पद्मश्रीपर्यंत पोचलेल्या स्त्रीची सार्वजनिक भिंतही इतकी असुरक्षित असावी, ही घटना क्लेशदायक आहे, आणि सन्मान करणे व जतन करणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, याची ती सतत आठवण देत राहील.

आतापर्यंतचे वर्णन मुख्यतः वरच्या जातींतील स्त्रियांचे आहे, आणि तेथेच थांबणे इतिहासाशी अन्याय करणारे ठरेल. दुसाध आणि चर्मकार या दलित समाजांतील स्त्रियांना १९६६-६७ च्या पहिल्या लाटेत स्थान नव्हते. १९७०च्या दशकात जर्मन मानववंशशास्त्रज्ञ एरिका मोझर यांनी त्यांना चित्रे काढण्यास उत्तेजन दिले, तेव्हा या स्त्रियांनी ब्राह्मण घरातील कोहबराची नक्कल न करता आपल्या शरीरावरील गोंदणाकडे पाहिले. गोंदणातील ठिपके, वर्तुळे, ओळीने उभी असलेली माणसे आणि प्राणी यांतून ‘गोदना’ ही शैली जन्माला आली. चानो देवी आणि शांती देवी यांच्यासारख्या चित्रकर्त्यांनी तीत आपल्या समाजाचा वीरपुरुष राजा सलहेस याच्या कथा आणल्या. जितवारपूरच्या जमुना देवी यांनी शेणाच्या पाण्याने कागद आधी माखून घेतला, आणि त्यामुळे कागदाला मातीच्या भिंतीचा जो उबदार पिवळसर रंग आला तो इतका पसंत पडला की, पुढे वरच्या जातींतील चित्रकर्त्यांनीही त्याचे अनुकरण केले. ज्या हातांचा स्पर्श निषिद्ध मानला जात होता त्या हातांची युक्ती साऱ्या गावाने स्वीकारली. मिथिलेच्या चित्रकलेने जातिभेद नाहीसा केला असे म्हणता येणार नाही, परंतु कौशल्याच्या बळावर मान मागण्याची एक वाट तिने उघडली, हे निःसंशय.

या वाटेवरील सर्वांत बोलके उदाहरण दुलारी देवी यांचे आहे. मल्लाह, म्हणजे मच्छीमार समाजात जन्मलेल्या, लहान वयात लग्न झालेल्या आणि संसार मोडल्यावर माहेरी परतलेल्या दुलारी देवी रांटी येथे महासुंदरी देवींच्या घरी झाडलोट आणि धुणीभांडी करत असत. त्या घरात चाललेले चित्रकाम पाहता पाहता त्यांना ओढ लागली, आणि महासुंदरी देवी व त्यांची जाऊ कर्पूरी देवी यांनी त्यांना शिकवले. पुढे त्यांनी आपले आयुष्य चित्रांतून सांगितलेले पुस्तक चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने प्रकाशित केले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुलकर्णींच्या काळात कागद घेऊन दाराशी येणारा माणूस सरकारचा होता. दुलारी देवींच्या बाबतीत तो हात घरातल्याच दोन प्रौढ चित्रकर्त्यांचा होता. पहिल्या पिढीच्या आत्मविश्वासाची खरी कसोटी पुरस्कारांपेक्षा येथे लागते : ज्यांना स्वतःला उशिरा संधी मिळाली त्यांनी ती पुढे दिली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रेमंड ओवेन्स यांनी चित्रविक्रीतील नफा चित्रकर्त्यांकडे परत पोचवण्यासाठी केलेले प्रयत्न, जपानमधील तोकामाची येथे तोकियो हासेगावा यांनी उभारलेले आणि गंगा देवी, बौआ देवी, गोदावरी दत्त यांना दीर्घ मुक्कामासाठी बोलावणारे मिथिला संग्रहालय, आणि नेपाळच्या बाजूस जनकपूरजवळ स्त्रियांच्या एकत्र कामासाठी स्थापन झालेले महिला विकास केंद्र यांनाही या वाटचालीत महत्त्व आहे, पण गावातल्या गावात चाललेल्या शिकवण्याशिवाय त्यांपैकी कशालाच मुळे धरता आली नसती.

भास्कर कुलकर्णींचे नाव महाराष्ट्राच्या कलेतिहासात आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. मिथिलेनंतर, १९७०च्या दशकाच्या आरंभी, ते डहाणू परिसरातील वारली पाड्यांमध्ये गेले. वारली समाजातही भिंतीवरचे चित्र मूळचे विवाहविधीचे होते : लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक आणि लग्नचौक काढत, चौकाच्या मध्यभागी पालघट देवीची आकृती असे, आणि धवलेरी ही स्त्री गाणी गाऊन विधी चालवत असे. तेथे कुलकर्णींच्या नजरेस भरले ते गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे. १९३४ मध्ये जन्मलेले म्हसे तेव्हा चाळिशीकडे झुकलेले होते, आणि विधीचा प्रसंग नसतानाही रोज चित्रे काढण्याची त्यांची ओढ असामान्य होती. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन भरले, आणि १९८९ मध्ये पॅरिस येथील ‘मॅजिसिएन्स द ला तेर’ या बहुचर्चित प्रदर्शनात त्यांची चित्रे व मिथिलेच्या बौआ देवींची चित्रे एकाच वेळी मांडली गेली. म्हसे यांची प्रतिभा वादातीत आहे. तरीही वारली चित्र कागदावर आल्यावर त्याचा सार्वजनिक चेहरा दीर्घकाळ पुरुषांचा राहिला आणि चौक काढणाऱ्या सवाशिणी मागे पडल्या, हे नमूद करणे भाग आहे. मिथिलेत मोबदला आणि कागद थेट स्त्रियांच्या हाती दिला गेला होता, आणि हा फरक आरंभीच पडल्यामुळे पुढील अर्धशतकाची दिशा ठरली.

सार्वजनिक भिंतीचा प्रश्न २१व्या शतकात नव्या रूपाने समोर आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये मधुबनी रेल्वे स्थानकाच्या भिंती रंगवण्याचे काम सुरू झाले, आणि दोनशेहून अधिक कलाकारांनी, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, श्रमदान म्हणून सात हजार चौरस फुटांहून अधिक जागेवर रामकथा, कृष्णकथा आणि ग्रामजीवन यांची चित्रे काढली. २०१८ मध्ये रेल्वेने घेतलेल्या स्थानक सुशोभीकरणाच्या स्पर्धेत महाराष्ट्रातील चंद्रपूर व बल्लारशा या स्थानकांना पहिला, तर मधुबनीला मदुराईच्या बरोबरीने दुसरा क्रमांक मिळाला. त्याच सुमारास बिहार संपर्क क्रांती एक्सप्रेसच्या डब्यांवरही मिथिलेची चित्रे झळकली. ज्या प्रदेशात घरच्या अंतःपुरातील भिंत परक्याने पाहणेही वर्ज्य होते, तेथील स्त्रियांनी फलाटावर, प्रवाशांच्या वर्दळीत, शिडीवर चढून भिंत रंगवावी, हे परिवर्तन लहान नाही. आजी, आई आणि नात यांच्या तीन पिढ्यांना जोडणारी कला येथे प्रथमच त्यांच्या स्वतःच्या गावकऱ्यांसमोर, दिवसाढवळ्या उभी राहिली, आणि दिल्लीच्या खरेदीदाराने मान देणे व रोज त्याच गाडीने जाणाऱ्या शेजाऱ्याने मान देणे यांतील दुसरी गोष्ट आत्मविश्वासाला अधिक खोलवर पोचते.

तथापि हे काम विनामोबदला झाले, ही बाब नजरेआड करता येत नाही. १९६६-६७ च्या योजनेचे बळ त्या योजनेतील एका साध्या तत्त्वात होते : चित्र काढणारीला तिच्या चित्राचे पैसे तिच्या हातात मिळायचे. आरंभीच्या चित्रांवर सही नसे. पुढे नाव घालण्याची पद्धत पडली आणि त्यामुळे चित्रकर्तीची ओळख, किंमत आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकदमच निश्चित झाल्या. २००७ मध्ये मधुबनी चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या प्रदेशातील उत्पादनालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. परंतु हे मानांकन प्रदेशाचे रक्षण करते, व्यक्तीचे रक्षण तिच्या सहीनेच होते. श्रमदानाच्या उत्साहात मोबदला आणि नाव या दोन्ही गोष्टी मागे पडल्या, तर अर्धशतकापूर्वी भिंतीवरून उतरताना स्त्रियांनी जे मिळवले ते पुन्हा भिंतीवर चढताना गमावण्याचा धोका संभवतो.

महाराष्ट्रातील शहरांतही आज उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती आणि स्थानके वारली आकृत्यांनी सजवली जात आहेत, आणि अशा उपक्रमांत नागरिकांनी, विशेषतः घरसंसारातून थोड्या मोकळ्या झालेल्या स्त्रियांनी भाग घ्यावा, असे आवाहन केले जाते. ते आवाहन योग्यच आहे. मात्र मिथिलेच्या इतिहासाकडे पाहिल्यास असे दिसते की, प्रौढ माणसाला भिंत आणि रंग देऊन त्याच्यात आत्मविश्वास ओतता येत नाही. त्याच्या हातात आधीच असलेले कसब ओळखणे, त्या कसबाचे मोल रोख चुकते करणे, कामावर त्याचे नाव घालणे, विषय निवडण्याची मोकळीक देणे, आणि शिकलेले दुसऱ्याला शिकवण्याची संधी देणे, या पाच गोष्टी एकत्र आल्या तेव्हा पासष्टीच्या जगदंबा देवी आणि बावन्न वर्षांच्या सीता देवी जगासमोर ताठ मानेने उभ्या राहिल्या, आणि घरकाम करणाऱ्या दुलारी देवींना त्याच रांगेत जागा मिळाली. सार्वजनिक कलेचा कोणताही प्रकल्प आखताना भिंतीचे क्षेत्रफळ मोजण्याआधी या पाच गोष्टींचा हिशेब मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडण्याची जबाबदारी भिंत रंगवणाऱ्यांवर नसून भिंत देणाऱ्यांवर आहे.